बाळ इथेच जन्मलं, तरी परत यायला व्हिसा लागतो

गेल्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकीने रात्री साडेअकराला मेसेज टाकला, "बाळाचा इंडियन पासपोर्ट आला एकदाचा! उद्या तिकिटं काढतोय, गणपतीला घरी!!" खाली पंचवीस-तीस लाल बदाम. मी तिला तिथल्या तिथे फोन लावला, एवढ्या रात्री कुणाला फोन करत नाही मी, पण राहवलं नाही. म्हटलं, अगं बाळाचा यूकेचा व्हिसा झाला का? ती म्हणाली, "त्याला कशाला व्हिसा, तो तर इथेच जन्मलाय ना."

हेच वाक्य गेल्या वर्षी माझ्या तोंडात होतं, शब्द न शब्द हाच. म्हणून आज बाळ झोपलंय तोवर सगळं सविस्तर लिहून टाकतेय, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

आमची चिऊ गेल्या वर्षी मे महिन्यात कॉव्हेंट्रीला झाली. नवरा इथे स्किल्ड वर्कर व्हिसावर, मी त्याची डिपेन्डन्ट, म्हणजे त्याच्या व्हिसाच्या आधारावर आलेली बायको. हॉस्पिटलमधून घरी व्हिडिओ कॉल लावला तेव्हा सासरे पहिलं वाक्य काय बोलले असतील तर, "आमच्या घराण्यात पहिली ब्रिटिश सिटिझन!" आम्हीही तसंच धरून चाललो होतो. अमेरिकेत मावसबहिणीचा मुलगा जन्मला तो जन्मतः अमेरिकन, मग इथेही तसंच असणार. तसं नाहीये. ब्रिटनमध्ये जन्मलं की ब्रिटिश, हा प्रकार १ जानेवारी १९८३ पासून बंद झाला, त्या दिवशी इथला १९८१ चा नागरिकत्वाचा कायदा लागू झाला. तेव्हापासून बाळ जन्मलं त्या वेळी आई किंवा बाबा दोघांपैकी एकजण ब्रिटिश असेल, नाहीतर इथे कायमचा सेटल झालेला असेल, म्हणजे आयएलआर (मुदत नसलेली, इथे कायम राहायची परवानगी) मिळालेला असेल, तरच बाळ ब्रिटिश. आमच्यासारखे मुदतीच्या व्हिसावरचे असतील तर बाळ ब्रिटिश नाही.

मग ते बाळ आहे तरी कोण? हा प्रश्न मला रात्री दूध पाजताना फार छळायचा. तिच्याकडे पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, एक नाव तेवढं आहे. आधी हे नीट समजून घ्या म्हणजे घाबरायला होणार नाही. बाळ बेकायदा वगैरे अजिबात नसतं. ते इथे जन्मलंय, इथेच आहे, तोवर त्याला व्हिसा काढलाच पाहिजे अशी सक्ती नाही, कुणी दारावर येऊन विचारत नाही. खरी अडचण देशाबाहेर पाऊल टाकलं की सुरू होते. आणि यातली फसगत कशी आहे बघा, जाताना काहीच अडत नाही! बाळाचा भारतीय पासपोर्ट आहे, भारतात चाललंय, हीथ्रोवर कशाला कोण थांबवेल. अडतं ते मुंबईला, परत येताना चेक-इनच्या काउंटरवर. तिथे विमान कंपनी बाळाची यूकेत शिरायची परवानगी बघते आणि ती नसेल तर बोर्डिंग पास देत नाही. सुट्टी संपलेली, नवऱ्याचं ऑफिस सोमवारी, आणि तुम्ही बाळ घेऊन विमानतळावर. म्हणून कळकळीने सांगते, पासपोर्ट आला म्हणजे झालं असं नाही, परतीची परवानगी हातात आल्यावरच तिकीट काढायचं.

आता सुरुवातीपासून सांगते. पहिला कागद जन्माचा दाखला. इंग्लंडमध्ये ४२ दिवसांच्या आत रजिस्टर ऑफिसात जाऊन नोंद करावी लागते (स्कॉटलंडमध्ये २१ दिवस). अपॉइंटमेंट आधी घ्या. आणि सर्टिफिकेट घेताना लांब वालं घ्या, ज्यात आईवडिलांची नावं असतात, छोटं या कामांना चालत नाही. आम्ही तीन प्रती घेतल्या आणि तिन्ही कामाला आल्या. या दाखल्यावर नागरिकत्व लिहिलेलंच नसतं, त्यामुळे तो दाखवून बाळ ब्रिटिश आहे असं सिद्ध होत नाही.

इथे आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. इथल्या फॉर्मवर फक्त नाव आणि आडनाव असे दोनच रकाने, मधलं नाव घालायचं तर ते नावाच्या रकान्यातच जातं. घालायचं की नाही ते ऑफिसात जायच्या आधी घरी ठरवा, कारण दाखल्यावर जे छापलं जाईल तेच पुढे भारतीय पासपोर्टावर, तेच व्हिसावर, तेच विमानाच्या तिकिटावर. आम्ही रजिस्ट्रारबाईंसमोर बसून पाच मिनिटं कुजबुजत होतो. त्या बिचाऱ्या शांत बसून होत्या, आणि सही करायच्या आधी प्रत्येक अक्षर वाचून बघा म्हणून दोनदा बजावलं त्यांनी. तुम्हीही वाचा. शेवटी वडिलांचं नाव घातलं आम्ही.

दुसरा टप्पा भारताचा. परदेशात जन्मलेलं बाळ आपोआप भारतीय पासपोर्टवालं होत नाही, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. नागरिकत्व कायदा १९५५, त्यातलं कलम ४. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात करायची, आणि बाळाकडे दुसऱ्या कुठल्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लिहून द्यायचं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते, म्हणजे किती हेलपाटे ते तुम्हीच समजा. नोंदणी आणि पासपोर्ट हे दोन्ही अर्ज एकत्र देता येतात, आम्ही बर्मिंगहॅमला भारतीय पासपोर्टचे अर्ज घेणाऱ्या सेंटरवर दिले.

फोटोचं सांगते, कारण त्यात आमचा अख्खा रविवार गेला. पाठीमागे पांढरं, डोळे उघडे, तोंड बंद, चेहऱ्यावर सावली नको, कुणाचा हात दिसायला नको. सात आठवड्यांचं पोर हो! फोटोवाल्याकडे नेलं तर भोकाड पसरलं. मग घरीच खिडकीजवळ गादी ओढली, त्यावर आईने बाळंतविड्यात पाठवलेलं पांढरं मऊ धोतर अंथरलं, चिऊला त्यावर निजवलं, मी वरून मोबाईल धरून उभी, आणि नवरा माझ्या डोक्याच्या वर खुळखुळा वाजवतोय. डोळे उघडले की तोंड उघडायचं, तोंड मिटलं की डोळे मिटायचे. त्र्याहत्तर फोटो काढले आणि त्यातला एक जमला. त्यात तिने डोळे असे टक्क मोठे केलेत की जणू कुणीतरी तिला काहीतरी भलतंच सांगितलंय.

आणि अंगठा. सही करता येत नाही म्हणून फॉर्मवर बाळाचा अंगठा लागतो, मुलगा असेल तर डावा, मुलगी असेल तर उजवा. तान्ह्या बाळाची मूठ घट्ट वळलेली असते, अंगठा आत. झोपली असताना हळूच मूठ उघडली, शाईच्या पॅडवर टेकवला, कागदावर टेकवला, उडदाच्या दाण्याएवढा ठसा उमटला. पहिल्या वेळी फरफटला, दुसऱ्या वेळी नीट आला. शाई दोन दिवस नखाच्या कडेला होती. फॉर्मच्या दोन-तीन कोऱ्या प्रिंट जास्तीच्या काढून ठेवा.

आमचा उशीर झाला तो माझ्या नावामुळे. मी लग्नानंतर नाव बदललं नाही, पासपोर्टावर माहेरचंच नाव, आणि नवऱ्याचं नावही त्यावर चढवलेलं नव्हतं. त्यामुळे लग्नाचं सर्टिफिकेट हवं होतं, ते ओरिजिनल साताऱ्याला आईच्या कपाटात, साड्यांच्या खाली. भावाने स्कॅन पाठवला, पण मूळ कागद लागणार म्हटल्यावर तो कुरिअरने यायला आणि फाईल परत द्यायला मिळून तीन आठवडे गेले. चूक आमचीच, यादीत लिहिलेलं होतं. तुमचं नाव, नवऱ्याचं नाव, बाळाचं आडनाव यात कुठे फरक असेल तर डिलिव्हरीच्या आधीच, पोट घेऊन का होईना, ते कागद मागवून ठेवा. पासपोर्ट सप्टेंबर उजाडल्यावर आला. पाच वर्षांचा असतो लहान मुलांचा.

आणि आता तिसरा टप्पा, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं.

माझी आजी, आईची आई, ८८ वर्षांची, साताऱ्याजवळच्या गावात असते. आपल्याकडे पणतवंडाचं तोंड पाहिलं की त्या माणसावर सोन्याची फुलं उधळतात, तुमच्याकडेही असेलच. चिऊ झाली त्या दिवसापासून आजीचं एकच, "कवा आणतीयस लेकराला?" पणतू असेल तरच फुलं असं गावातलं कुणीतरी तिच्यासमोर बोललं, तर म्हणाली, "पणतू आन् पणती, दोन्ही माझीच. दिवाळीला घरात पणती नको व्हय?" मग आम्ही दिवाळीचं ठरवलं आणि पासपोर्ट यायच्या आधीच १४ ऑक्टोबरची तिकिटं काढून मोकळे झालो.

पासपोर्ट आला, १० सप्टेंबरला चिऊचा डिपेन्डन्ट व्हिसाचा अर्ज ऑनलाइन भरला. एका ओळखीच्या एजंटने सांगितलेलं की तीन आठवड्यांत होतं. तीन आठवडे खरे आहेत, पण ते यूकेच्या बाहेरून अर्ज केला तर! इथे राहून अर्ज केला तर साधारण आठ आठवडे धरायचे. जास्तीचे पैसे भरून लवकर निकाल मिळायची सोय असते, ५०० पौंडांत पाच कामाच्या दिवसांत, १००० पौंडांत दुसऱ्याच दिवशी, पण तो पर्याय अर्ज भरतानाच निवडायचा असतो, आणि आम्ही तीन आठवड्यांच्या भरवशावर तो सोडून दिला होता.

ऑक्टोबर उजाडला, उत्तर नाही. एजंट म्हणाला, "पासपोर्ट तुमच्याकडेच आहे ना, मग खुशाल जाऊन या, तोवर व्हिसा होऊन जाईल." आणि आम्ही जवळजवळ निघालोच होतो हो. बॅगा भरलेल्या, आजीसाठी मऊ शाल, पोरांसाठी चॉकलेटं. निघायच्या चार दिवस आधी, रात्री तीनचं दूध पाजताना, मी मोबाईलवर नियम वाचत होते, झोप येऊ नये म्हणून वाचत होते खरं तर. तिथे स्पष्ट लिहिलं होतं: अर्ज पेंडिंग असताना यूके, आयर्लंड, आइल ऑफ मॅन आणि चॅनल आयलंड्स एवढा भाग सोडून बाहेर गेलात तर अर्ज मागे घेतला असं समजलं जाईल. म्हणजे आम्ही मुंबईत उतरेपर्यंत चिऊचा अर्ज संपला असता, आणि परतीसाठी तिथून नव्याने सगळं सुरू. मी नवऱ्याला उठवलं. तो दोनदा वाचून म्हणाला, "नाही जायचं." पहाटे साडेतीनला दोघं स्वयंपाकघरात बसून रडलो, चिऊ मांडीवर झोपलेली.

आजीला फोन मी नाही करू शकले, आईने सांगितलं तिला.

तिकडे जाऊन तिथूनच अर्ज करणं यात बेकायदा काही नाही, बरेच जण करतात. पण मग बाळाची अपॉइंटमेंट, कागद, तीन आठवड्यांचा निकाल, हे सगळं तुमच्या सुट्टीतून जातं, आणि निकाल लांबला तर बाळाबरोबर आईही तिथेच, तिची नोकरी असेल तर तीही लटकली. ज्यांची बाळंतपणाची रजा मोठी आहे, चार महिने राहायचंच आहे, त्यांनी खुशाल करावं. तीन आठवड्यांच्या ट्रिपसाठी नको, असं माझं स्पष्ट मत.

पैशांचंही आधीच बघून ठेवा. व्हिसाची फी वेगळी आणि हेल्थ सरचार्ज, म्हणजे एनएचएस या इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी भरायचे पैसे, वेगळा. १८ वर्षांखालच्यांना तो वर्षाला ७७६ पौंड आहे, आणि व्हिसा जितक्या मुदतीचा तितक्याचा एकदम भरायचा. बाळाचा व्हिसा आईवडिलांपैकी ज्याचा आधी संपतो त्या तारखेपर्यंतच मिळतो. आमचा एक वर्ष चार महिने उरला होता, म्हणून एका वर्षाचे ७७६ आणि उरलेल्या सहा महिन्यांच्या आतल्या तुकड्याचे अर्धे ३८८, असे ११६४ पौंड. आईवडिलांनी सरचार्ज भरलेला असला तर इथे जन्मलेल्या बाळाला पहिले तीन महिने एनएचएसचे उपचार मोफत असतात, तेही बाळ मध्ये देशाबाहेर गेलं नसेल तर. म्हणजे प्रवास करायचा नसला तरी या तीन महिन्यांतच व्हिसाचा अर्ज टाकलेला बरा. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं.

बोटांचे ठसे पाच वर्षांखालच्यांचे घेत नाहीत, फक्त फोटो. आणि हातात कार्ड वगैरे काही येत नाही आता, सगळं ईव्हिसा. बाळाचं वेगळं ऑनलाइन अकाउंट असतं आणि ते तिच्या पासपोर्ट नंबरला जोडलेलं असतं. पुढे पासपोर्ट बदलला की तिथे नवा नंबर टाकायला विसरू नका, नाहीतर विमान कंपनीला सिस्टीममध्ये काहीच दिसत नाही.

ईमेल आला ५ नोव्हेंबरला. दिवाळी होऊन गेली होती.

पॅरिसबद्दलही दोघी-तिघींनी विचारलं होतं, म्हणून इथेच उत्तर देते. युरोपला जायचं तर तुमच्या पासपोर्टावर बाळ चालत नाही, त्याचा स्वतःचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) लागतो. सहा वर्षांखाली व्हिसा फी नाही, ठसे नाहीत, पण अर्ज पूर्ण भरायचा, आणि इथून अर्ज करायचा तर बाळाला यूकेचा व्हिसा आधी असायला हवा. आयर्लंडमधल्या डब्लिनलाही तेच, यूकेतल्या बेलफास्टहून गाडीने जाताना रस्त्यात कुणी अडवत नाही म्हणून लोक जातात, पण भारतीय पासपोर्टवाल्यांना आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतोच, बाळालाही.

इतर देशांचं एकदम वेगळं. न्यू जर्सीची माझी मावसबहीण, तिच्या मुलाला उलटं झालं, तो अमेरिकन, म्हणून आधी अमेरिकन पासपोर्ट आणि मग भारतात यायलाच व्हिसा नाहीतर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते कार्ड. आजोळी जायला पोराला व्हिसा, मावशीला ते किती लागलं होतं. दुबईत जन्मलेल्या बाळाला आधी भारतीय पासपोर्ट आणि मग १२० दिवसांच्या आत तिथला रेसिडेन्स व्हिसा, नाहीतर दंड सुरू. त्यामुळे दुसऱ्या देशातल्या मैत्रिणीचं ऐकून काही ठरवू नका, आम्ही तेच केलं होतं.

शेवटी जानेवारीत गेलो, म्हणजे मी आणि चिऊ, कारण नवऱ्याची रजा तोवर संपली होती. त्याच्याकडून सहीचं संमतीपत्र घेतलं, की मुलीला आईबरोबर भारतात जायला माझी हरकत नाही, जायची-यायची तारीख, दोघांचे पासपोर्ट नंबर, आणि सोबत लांबवाला जन्मदाखला. माझं आणि तिचं आडनाव वेगळं आहे ना. जाताना कुणी काही विचारलं नाही. मुंबईत परतताना काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट स्कॅन केला, स्क्रीनकडे बघितलं, आणि त्या दहा सेकंदांत माझ्या पोटात गोळा आला होता, सगळं असूनही. मग तिने बॅगांना टॅग लावायला घेतले. हीथ्रोवर ऑफिसरने विचारलं, "ही तुमची मुलगी? आडनाव वेगळं आहे." मी दाखला पुढे केला, त्याने माझं नाव वाचलं, दाखला परत दिला, चिऊला बोटाने टाटा केलं.

पुढच्या जानेवारीत आमच्या तिघांचा व्हिसा संपतोय, तेव्हा पुन्हा अर्ज, पुन्हा सरचार्ज. पुढे आमच्यापैकी एकाला आयएलआर मिळाला की चिऊची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करता येईल, तो वेगळा फॉर्म. ती ब्रिटिश झाली की भारतीय पासपोर्ट सोडावा लागणार, ते तेव्हा बघू. त्यावर घरात आत्ताच दोन मतं आहेत.

साताऱ्याचं सांगायचं राहिलंच. आजीला अंगणात पाटावर बसवलं, मांडीवर चिऊ, मामांनी सोनाराकडून सात छोटी फुलं करून आणलेली, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. आईने ती बाकीच्या शेवंतीच्या पाकळ्यांत मिसळून आजीवर उधळली. चिऊने एक पाकळी तोंडात घातली आणि सगळे ओरडले. मग दुपारभर चटई झाडून सोनं शोधायचं काम, सहा सापडली, सातवं आजीच्या अंबाड्यात निघालं.

संध्याकाळी आजी म्हणाली, एवढे दिवस ज्याच्यापायी थांबलो ते बुक दाव की. मी चिऊचा पासपोर्ट दिला. तिने चष्मा पुसला, पान डोळ्यांजवळ नेलं, बराच वेळ बघत राहिली. "डोळं बघ की कसं फाडल्यात लेकरानं," म्हणाली. माझ्या पर्समध्ये त्याच फोटोची एक जास्तीची प्रत होती, फॉर्मला लागली तर म्हणून ठेवलेली. ती दिली तिला. देवघरात अन्नपूर्णेच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलाय तिने तो, आईने कालच फोटो पाठवला, कोपऱ्याला हळदकुंकू लागलंय.